आखो एक भेली

भेलीसमोर पहिल्यांदा बसणाऱ्या माणसाला ती आधी काहीच विचारायची नाही. नाव नाही, गाव नाही, दुखणं नाही. खुर्ची मागे सरकवून उठायची, दोन्ही हात पसरायची, दशावतारातली देवी प्रकट झाल्यासारखी सावकाश एक गोल फेरी घ्यायची आणि म्हणायची, “बघून घ्या. पोटभर बघा, तिकीट नाही. पुढून झालं? मागून झालं? चला, आता तुमच्याकडे वळू.”

बाहेर पाटी होती ‘आहार सल्ला’ आणि आत बसलेली बाई खुर्चीला पुरून उरणारी. येणारा प्रत्येक जण मनात एकच प्रश्न घेऊन यायचा: ही स्वतः एवढी, ही मला काय सांगणार? तो प्रश्न ती असा भर सभेत उभा करून पहिल्या मिनिटात निकालात काढायची. एका कापूसवाल्यानं तरीही धीर करून विचारलंच, “ताई, मग तुमचं का नाही उतरलं?” भेली म्हणाली, “उतरलं ना. चार वेळा उतरलं. चारही वेळा घराचा पत्ता शोधत परत आलं, येताना पाहुणे घेऊन. मी त्याच्याशी भांडणं सोडलं, तेव्हा कुठे ते एका जागी बसलं. आता सांगा, काल काय खाल्लं?”

तिचं खरं नाव भेली नव्हतं हे तुम्ही ओळखलंच असेल. आमच्याकडे गुळाच्या लहान ढेपेला भेली म्हणतात. एका मुलीला हे नाव देणारा नालायक कोण, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, तर इकडे बघा. तो मी.

म्हसावदला आमचं किराणा दुकान. आजोबा राजस्थानातून आले, गूळ आणि मीठ विकत इथलेच झाले. नदीकाठच्या दत्ताच्या यात्रेत दरवर्षी आमचं गुळाचं पाल लागायचं, अगदी तुलेच्या तराजूसमोर. नवस फेडायला लोक मुलांना त्या मोठ्या लाकडी तराजूत बसवतात, दुसऱ्या पारड्यात गूळ रचतात आणि तो गूळ यात्रेत वाटतात. नवस बहुधा तान्ह्या मुलांचे. दोन भेल्या, फार तर तीन. पारडं उचललं की टाळ्या.

भेली ब्राह्मणपुरीच्या एका शेतकरी घरातली. सातव्या महिन्यात जन्मली तेव्हा म्हणे तळहातावर मावत होती. तिचे नाना, म्हणजे वडील, नवस बोलले की पोर जगली तर तिच्या वजनाचा गूळ वाटीन. पोर जगली, आणि नवस राहून गेला. एक वर्ष घरात सुतक, एक वर्ष लग्न, एक वर्ष विहिरीचं काम. करता करता पोर अकरा वर्षांची झाली आणि तळहातावर मावण्याचे दिवस केव्हाच मागे पडले. तरी नाना शब्दाचे पक्के. हिरव्या परकर-पोलक्यात तिला आणली, पारड्यात बसवली. आमच्या पालातून चार भेल्या गेल्या. पारडं हललं नाही. अजून दोन गेल्या. हललं नाही. गर्दी जमली.

मी बावीस वर्षांचा, नुकतं लग्न झालेलं, बायको पालात बसलेली, तिच्यासमोर भाव खायची हौस. पालाच्या बांबूवर चढलो आणि नाटकातल्या भालदारासारखी आरोळी ठोकली, “आखो एक भेली लई ये रे!” म्हणजे, आणखी एक भेली घेऊन ये! लोक हसले. मी पुन्हा ओरडलो. मग प्रत्येक भेलीला अख्खी यात्रा माझ्याबरोबर ओरडू लागली. आखो एक भेली! आखो एक भेली! शेवटी पारडं उचललं तेव्हा माझा घसा बसला होता आणि ती मुलगी साखळी धरून थेट माझ्याकडे बघत होती. रडत नव्हती. रडली असती तर मी विसरून गेलो असतो.

दुसऱ्या दिवशी नाव तिच्या आधी शाळेत पोचलं.

पुढची काही वर्षं त्या घराचा एकच उद्योग होता, पोर उतरवणे. फुई, म्हणजे तिची आत्या, सुरतेहून पावडर पाठवायची. कोणी लिंबूपाणी, कोणी सोळा सोमवार, कोणी पोटाला बांधायचा थरथरणारा पट्टा आणून दिला. तो पट्टा लावला की भेली आणि घरातली भांडी एकत्र वाजायची. जेवताना तिसऱ्या भाकरीला हात गेला की घर चिडीचूप. मग ती ताटावरून अर्धपोटी उठायची आणि दुपारी कापसाच्या खोलीत जाऊन शेंगदाणे खायची. कापसात आवाज येत नाही म्हणून. हे तिनंच मला पुढे सांगितलं, एखाद्या चोरीची गोष्ट सांगावी तितक्या मजेत. तिचं एक वाक्य मी दुकानात लिहून लावायच्या लायकीचं समजतो: “लपवून खाल्लेल्या घासाला चव नसते, पण वजन दुप्पट.”

लग्नाचं वय झालं तशी बघायला माणसं आली. जळगावकडच्या एका मुलाची आई चहा पिऊन म्हणाली, “पोरगी चांगली आहे. फक्त जराशी कमी करून द्या.” भेली पोह्यांचं ताट घेऊन तिथेच उभी. म्हणाली, “कितली कमी करू, मावशी? मी काय गुळासारखी सुटी विकाले बठेल शे का?” ताट तिनं परत आत नेलं. पोहे घरच्यांनी खाल्ले. नाना तिच्याशी आठ दिवस बोलले नाहीत आणि नवव्या दिवशी एकटेच विहिरीवर बसून खूप हसले, असं त्यांचा सालदार गडी सांगायचा.

पण हे सगळं बाहेरचं. आतून तीही स्वतःला उतरवायलाच निघाली होती. धुळ्याला कॉलेजात असताना तिनं चहा आणि खाकऱ्यांवर चाळीस दिवस काढले आणि परीक्षेच्या दिवशी जिन्यावरून कोसळली. ज्या दवाखान्यात नेलं तिथे रुग्णांचं जेवण ठरवणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. वही घेऊन त्या खाटेशी आल्या आणि म्हणाल्या, “काल काय खाल्लं?” भेलीनं सांगितलं, भात सोडलाय, तेल सोडलंय, गोड सोडलंय. बाई म्हणाल्या, “काय सोडलं ते नाही विचारलं. काय खाल्लं?” भेलीनं खरं सांगितलं. शेवटी कापसाच्या खोलीपर्यंतचं सगळं सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं, वही मिटली, आणि वरणभात पाठवते म्हणाल्या.

“शेठभाऊ, त्या ओरडल्या नाहीत,” भेली मला सांगायची तेव्हा दर वेळी इथे थांबायची. “माणसाला काय खाल्लं विचारायचं आणि ओरडायचं नाही, हा सुद्धा एक धंदा असतो, हे मला त्या दिवशी कळलं. मी म्हटलं, हाच करायचा.”

ती तोच शिकली. पदवी घेतली, पुढची परीक्षा दिली, आणि कुठे मोठ्या शहरात जायचं सोडून म्हसावदला, माझ्या दुकानाच्या बरोबर समोर, भाड्यानं खोली घेतली. मला वाटलं, सूड घ्यायला आली. तसंच होतं थोडंफार. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी मला तिच्याकडे पाठवलं तेव्हा तिनं फेरी मारून दाखवली नाही. म्हणाली, “तुम्ही बघितलंय मला. बांबूवर चढून.” मी खाली मान घातली. ती म्हणाली, “मान वर करा. काल काय खादं?”

मी म्हटलं, दोन फुलके, मुगाची डाळ.

“आणि शेवभाजी?”

“शेवभाजी कुठली?”

“काल संध्याकाळी नाक्यावरच्या ढाब्यावर पाठमोरे बसलेले ते तुमचे जुळे भाऊ का?”

तिच्यापुढे खोटं टिकायचं नाही, कारण खोटं कसं बोलतात हे ती स्वतःच्या अनुभवातून जाणत होती. पण शेवभाजी तिनं बंद केली नाही. रविवारी एकदा, घरी, अर्धी वाटी, आणि जोडीला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी. डब्यातले परदेशी दाणे घेऊन येणाऱ्यांना ती ते परत द्यायला लावायची. “दादर ज्वारी आपल्या घरात, उडीद आपल्या शेतात, अंबाडी बांधावर. आणि हे काय बशीतून टिपता? आपण काय चिमण्या?” वजनकाट्याच्या आकड्यावर तिनं पुठ्ठा लावला होता. तो उचलून ती एकटी बघायची, लिहायची, पुन्हा झाकायची. कोणी हट्ट केला तर म्हणायची, “आकडा माझ्या कामाचा आहे. तुम्हाला दिला की तुम्ही घरी जाऊन रडाल, आणि रडून झालं की भूक लागेल.” माझी साखर वर्षभरात ताळ्यावर आली. बायको तिला राखीला बोलवू लागली. आरोळीबद्दल मात्र मी कधी माफी मागितली नाही. तिनंही मागायला लावली नाही, हा तिचा खरा सूड.

आता मुख्य अंक.

तळोद्याला आमच्या व्यापाऱ्यांच्या ट्रस्टचं एक लहान रुग्णालय आहे. त्यात डोंगरातल्या अशक्त मुलांसाठी एक खोली काढली. मूल आणि आई, चौदा दिवस राहायचं, मुलाला थोडं थोडं वारंवार भरवायचं, वजन वाढलं की घरी. खाटा होत्या, डॉक्टर होते, औषधं होती. फक्त आया राहात नव्हत्या. चार दिवस झाले की मूल पाठीला बांधून जीपस्टँड गाठायच्या. आधीच्या आहारतज्ज्ञ बाई कंटाळून गेल्या आणि जागा निघाली. भेलीनं अर्ज केला. मी विश्वस्तांपैकी एक, त्यामुळे मुलाखतीला टेबलाच्या चुकीच्या बाजूला मी.

अध्यक्षसाहेब शिस्तीचे. रोज पहाटे फिरणारे, एका बदामाचे दोन भाग करून खाणारे. त्यांनी कागद पाहिले, मग भेलीकडे पाहिलं, मग पुन्हा कागद. म्हणाले, “शिक्षण उत्तम. पण ताई, ही जागा लोकांच्या डोळ्यांसमोरची. सहा महिन्यांत वीसेक किलो कमी करा, मग कायम करू. नाहीतर लोक हसतील हो.”

“लोकांचं हसून झालंय,” भेली म्हणाली. “अकराव्या वर्षीच आटोपलं ते. हे शेठभाऊ होते ना, त्यांनी बारसंसुद्धा केलं.” सगळे माझ्याकडे वळले. मी पाण्याचा पेला उचलला आणि बराच वेळ प्यायलो.

मग ती उठून उभी राहिली. “साहेब, काटा चुकीच्या माणसाला लावताय. माझं वजन माझ्याजवळ राहू द्या, पोरांचं मोजा. मला तीन महिने द्या. ह्या खोलीतली एक जरी आई पोराला घेऊन अर्ध्यातून निघून गेली, तर मी त्याच जीपनं घरी जाते, पुन्हा तोंड दाखवत नाही. एकही गेली नाही, तर मला आहे तशी कायम करा. आणि माझ्या वजनाचा गूळ ट्रस्टनं ह्या पोरांच्या लाडवांसाठी द्यायचा. खोलीत बसून नाही. यात्रेत, तराजूत, सगळ्यांसमोर.”

अध्यक्ष हसले. तीन महिन्यांत एकही आई जाणार नाही, हे त्यांच्या मते होणं नव्हतं. लिहून दिलं.

आणि इथे आम्हा पढतमूर्खांना जे सुचलं नव्हतं ते झालं. आयांना भेली पहिल्याच दिवशी पटली. तिथल्या पाडवीसिस्टर डोंगरातल्याच, त्यांनी आयांचं बोलणं ऐकून आम्हाला सांगितलं. आधीच्या बाई किडकिडीत. आया आपसात म्हणायच्या, हिच्याच घरी खायला दिसत नाही, ही आपल्या पोराला काय जगवणार? ह्या नव्या बाईला बघून एक म्हातारी म्हणाली, हिच्या हाताला अन्न माहीत आहे. आम्ही ज्याला अडचण समजत होतो तेच तिचं प्रमाणपत्र! मी हे तिला मोठ्या आनंदानं सांगायला गेलो, तर ती माझ्यावरच उखडली. “त्या बारीक बाईलाही नुसतं बघूनच नापास केलं ना? माझ्या बाजूनं का होईना, पण पुन्हा माणूस डोळ्यांनीच तोललं.” तिच्याकडे कोणालाच विजय असा फुकट मिळायचा नाही.

अडीच महिने एकही आई गेली नाही. आणि मग एका बाजारच्या दिवशी मी तळोद्याच्या जीपस्टँडवर उभा असताना, वरच्या पाड्यावरची एक तरुण आई मूल पाठीला बांधून धडगावच्या जीपमध्ये चढताना दिसली. खोलीतली दोन वर्षांची पोर, सातवाच दिवस. बाई डोळे पुसत होती. मी हाक मारणार तोच रस्त्याच्या टोकाला पांढरा कोट दिसला. भेली धावत होती. भेलीला धावताना मी तेव्हाच पाहिलं. भाजीवाल्यांनी टोपल्या ओढून घेतल्या, एक बैल बाजूला झाला.

तिनं आईला उतरवलं नाही. स्वतःच चढली. ड्रायव्हर म्हणाला, “ताई, तुम्हनं दोन सीटनं भाडं लागी.”

“ले,” भेली धापा टाकत म्हणाली. “पन मंग दोन सीटवर बठसू. मन्हा मांडीवर तिसरा गडी नको बसाडू.”

जीप हसली. ती आईसुद्धा जराशी हसली. भेली तिच्या शेजारी बसली आणि वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मला एवढंच दिसलं की ती काहीतरी विचारत होती आणि बाई बोलत होती. ओरडत कोणीच नव्हतं.

संध्याकाळी सहाला परतीची जीप आली. त्यातून आधी भेली उतरली, मग पोरीला घेऊन आई, मग पाच वर्षांचा मोठा मुलगा, मग एक शेळी. घरी मुलाला आणि शेळीला बघणारं कोणी उरलं नव्हतं, नवरा गुजरातेत कामाला. शिवाय रुग्णालयाची मऊ पोळी तिच्या घशाखाली उतरत नव्हती. आई उपाशी राहायची आणि पोरीला भरवायची. दुसऱ्या दिवसापासून खोलीत आयांसाठी ज्वारीच्या भाकरी थापल्या जाऊ लागल्या. मोठा मुलगा आईशेजारी झोपायचा, आणि शेळी रुग्णालयाच्या जास्वंदीला बांधली.

अध्यक्ष जास्वंद बघायला आले, तेव्हा ती नव्हती. शेळी होती. मग ती कशी आली हेही त्यांना कळलं. तीन महिने भरले त्या दिवशी सभेत ते म्हणाले, “अट मोडली. एक आई निघून गेली होती.”

“निघून गेली नव्हती,” भेली शांतपणे म्हणाली. “शेळी आणायला गेली होती.”

“पुरावा?”

भेलीनं माझ्याकडे पाहिलं नाही. हे मुद्दाम सांगतो. तिनं पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ती समोरच्या भिंतीकडे बघत उभी होती, तशीच सरळ, जशी अकराव्या वर्षी साखळी धरून बसली होती. तिची खोली, तिचा कोट, जिन्यावरून पडल्यापासून कमावलेलं सगळं त्या एका शब्दावर टांगलेलं होतं.

मी उभा राहिलो. “साहेब, मी होतो स्टँडवर. त्या बाईला रडत जीपमध्ये चढताना मी पाहिलं. शेळी आणायलाच गेली होती.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“शेळीशिवाय एवढं कोणासाठी रडतं माणूस?”

टेबलावर हशा पिकला. अध्यक्षांनी बराच वेळ चष्मा पुसला आणि सही केली. यात्रेतल्या त्या आरोळीनंतर मी केलेलं हे दुसरं मोठं नाटक. पहिल्याची भरपाई झाली असं मी म्हणत नाही.

पुढच्या यात्रेत तुला झाली. तोच तराजू, त्याच साखळ्या, समोर आमचंच पाल. भेली हिरवी साडी नेसून आली आणि राणीनं मेण्यात बसावं तशी पारड्यात बसली. नाना म्हातारे झाले होते, खुर्चीत बसून बघत होते. तळोद्याहून टेम्पो भरून आया आल्या होत्या. मी गूळ रचायला लागलो. चार, सहा, दहा, पंधरा. पारडं जमिनीला चिकटलेलं. गर्दी जमली, पण सगळी गप्प. लोकांना आठवत होतं, मलाही. मी आवाज न करता भेल्या ठेवत होतो, अंत्ययात्रेला आल्यासारखा.

भेली साखळी धरून पुढे वाकली. “काय शेठभाऊ, आते काबर गप शे? बोल ना.”

“भेली, नको.”

“बोल. मन्हं नाव शे ते. मोठ्यानं बोल, मागं ऐकू गेलं पाहिजे.”

मी पन्नाशीकडे झुकलेला माणूस. पालाचा बांबू धरला, वर चढलो, बायको खालून धोतर ओढत होती. घसा साफ केला. आवाज फुटला, पण भलत्याच पट्टीत, रडव्या. “आखो एक भेली लई ये रे!”

सगळ्यांत आधी भेली हसली. पोट धरून, तराजू करकरेपर्यंत. मग नाना हसले, मग यात्रा. प्रत्येक भेलीला अख्खी गर्दी ओरडत होती आणि ती पारड्यातून हात उंचावून त्यांना आणखी मोठ्यानं ओरडायला लावत होती. शेवटची ठेवली, आणि पारडं सावकाश जमीन सोडून उचललं. टाळ्या.

तेवढ्यात ती शेळीवाली आई गर्दीतून पुढे आली. तिची पोर आता तिच्या कडेवर गुबगुबीत बसली होती. तिनं कोणाला विचारलं नाही. पोरीला उचललं आणि अधांतरी पारड्यात भेलीच्या मांडीवर ठेवलं. पारडं धपकन पुन्हा खाली आलं.

आजवर त्या बाईचा आवाज मी ऐकला नव्हता. ती माझ्याकडे वळली, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि सगळ्या यात्रेला ऐकू जाईल अशी ओरडली,

“आखो एक भेली!”

पालात गूळ संपला होता. मी धोतर खोचलं आणि शेजारच्या दुकानाकडे धावत सुटलो.